स्मृतिदिन विशेष : अलिबागच्या किनाऱ्यावरून समुद्र राखणारे सरखेल कान्होजी आंग्रे

४ जुलै ही तारीख अहमदपूर तालुक्यात पेरणीच्या धांदलीत निघून जाते. पाऊस वेळेवर असेल तर सोयाबीन उगवून आलेलं असतं, नसेल तर दुबार पेरणीची चिंता असते. याच दिवसांत पाचशेक किलोमीटर दूर अलिबागच्या किनाऱ्यावर होड्या वाळूत ओढून ठेवलेल्या असतात. जाळी दुरुस्त करत कोळी बसलेले असतात. इकडं पावसानं काम सुरू होतं, तिकडं पावसानं काम थांबतं. समुद्र खवळलेला असतो, माशांचा विणीचा हंगाम असतो आणि नारळी पौर्णिमेला नारळ वाहिल्याशिवाय जुने कोळी दर्यात होडी घालत नाहीत.

अशाच भर पावसाळ्यात, ४ जुलै १७२९ रोजी, या किनाऱ्यावरचा सगळ्यात मोठा माणूस गेला. त्यांचं नाव सरखेल कान्होजी आंग्रे. इंग्रज, पोर्तुगीज, डच आणि जंजिऱ्याचा सिद्दी या चौघांशी त्यांनी आयुष्यभर झुंज घेतली आणि ते हयात असेपर्यंत या चौघांपैकी कुणालाही त्यांचा मुख्य किल्ला घेता आला नाही. शाळेच्या पुस्तकात त्यांच्यावर चार ओळी असतात. प्रत्यक्षात त्यांची गोष्ट चार ओळींत बसणारी नाही, आणि ती अलिबाग या मासेमारीच्या गावाशिवाय सांगताही येत नाही.

अलीची बाग आणि शनिवार तेली

आज अलिबाग म्हटलं की मुंबईकरांचे बंगले, पांढरा कांदा आणि सुट्टीची गर्दी डोळ्यासमोर येते. पण हा पट्टा फार जुना आहे. अलिबागजवळ आक्षी नावाचं गाव आहे. तिथं सापडलेला शके ९३४ चा, म्हणजे इसवी सन १०१२ चा शिलालेख मराठीतल्या सगळ्यात जुन्या लेखांपैकी एक मानला जातो. थोडं दक्षिणेला चौल आहे. हे चौल एकेकाळी मोठं बंदर होतं. अरबस्तान आणि इराणचे घोडे तिथं उतरत आणि घाट चढून बहामनी राज्यात जात. पंधराव्या शतकात अफनासी निकितिन नावाचा रशियन व्यापारी याच चौलला उतरला आणि जुन्नरमार्गे थेट बिदरला पोचला. बिदर म्हणजे उदगीरच्या पलीकडचं गाव. तेव्हा लातूर-नांदेडच्या माणसाला समुद्र परका वाटत असला, तरी इकडच्या बाजारातला माल शेकडो वर्षं त्याच किनाऱ्यावरून येत-जात होता.

अलिबाग हे नाव कसं पडलं याची एक गोष्ट सांगतात. तिथं अली नावाचा एक श्रीमंत बेने इस्रायली, म्हणजे मराठी बोलणारा यहुदी राहायचा. त्यानं विहिरी खोदल्या, आंब्या-नारळाच्या बागा लावल्या. अलीची बाग, त्यावरून अलिबाग. हे बेने इस्रायली लोक फार पूर्वी जहाज फुटून जवळच्या नवगावच्या किनाऱ्याला लागले, अशी त्यांची परंपरा आहे. त्यांचा धंदा तेलाच्या घाण्याचा. शनिवारी ते घाणा बंद ठेवायचे, म्हणून कोकणात त्यांना शनिवार तेली म्हणायचे.

बाकी वस्ती कोळी, भंडारी, आगरी, माळी यांची. कोळी मासे धरायचे, आगरी मिठागरं आणि खाजणातली भातशेती करायचे, भंडारी नारळाची माडी काढायचे. भंडारी नुसते माडावर चढणारे नव्हते, ते नावाजलेले लढवय्येही होते. पुढं ज्या आरमारानं युरोपच्या जहाजांना घाम फोडला, ते आरमार याच लोकांच्या हातानं चाललं.

संकपाळांचे आंग्रे झाले

कान्होजींचं मूळ घराणं संकपाळ. पुणे भागातलं अंगरवाडी हे त्यांचं गाव, त्यावरून आंग्रे हे नाव पडलं. म्हणजे घराणं घाटावरचं, समुद्राचं नव्हे. वडील तुकोजी छत्रपती शिवाजी महाराजांच्या आरमारात होते. हर्णैजवळ समुद्रात असलेल्या सुवर्णदुर्ग किल्ल्यावर त्यांची चाकरी होती. कान्होजींचा जन्म १६६९ चा मानतात. लहानपण सुवर्णदुर्गाच्या परिसरात, कोळ्यांच्या पोरांत गेलं. ते गुरं राखायला जात आणि झोपलेले असताना नागानं त्यांच्यावर फणा धरला, अशी दंतकथा त्या भागात सांगतात. अशा कथा आपल्याकडं मोठ्या माणसाभोवती आपोआप जमतात. खरी गोष्ट एवढीच, की हा मुलगा वाऱ्याची दिशा, भरती-ओहोटी आणि पाण्याखालचे खडक बघत वाढला.

ज्याला समुद्र माहीत नाही त्याच्यासाठी हे सांगायला हवं. समुद्राचं पाणी दिवसातून दोनदा चढतं आणि दोनदा उतरतं. चढलं की भरती, उतरलं की ओहोटी. अमावस्या-पौर्णिमेला पाणी सगळ्यात जास्त चढतं, त्याला उधाण म्हणतात. अष्टमीच्या आसपास चढ-उतार कमी असतो, त्याला भांग म्हणतात. रोजची वेळ बदलत जाते. नदी समुद्राला मिळते तिथं भरतीचं पाणी आत शिरतं, ती खाडी. शेतकरी जसा नक्षत्रं बघून पेरणी ठरवतो, तसा कोळी तिथी बघून होडी काढतो. हे ज्ञान पुस्तकात नव्हतं, कोळीवाड्यात होतं. कान्होजींच्या पुढच्या सगळ्या लढायांमागं हे ज्ञान उभं आहे.

सुवर्णदुर्ग वाचवला

छत्रपती शिवाजी महाराजांनी समुद्राचं महत्त्व ओळखून आरमार उभं केलं. सिंधुदुर्ग बांधला, विजयदुर्ग मजबूत केला, मुंबईच्या तोंडावर खांदेरी बेटावर किल्ला उभारला. मार्च १६८० मध्ये अलिबागसमोरच्या खडकावर कुलाबा किल्ल्याचं काम सुरू झालं. त्यानंतर दोन-तीन आठवड्यांतच, ३ एप्रिलला, महाराजांचं निधन झालं. राहिलेलं काम छत्रपती संभाजी महाराजांच्या काळात पूर्ण झालं. या किल्ल्याच्या तटाचे दगड चुन्याशिवाय एकावर एक रचलेत. लाट आली की पाणी फटींत शिरतं आणि लाटेचा जोर तिथंच मोडतो.

पुढचा काळ फार वाईट आला. १६८९ साली संभाजी महाराजांची हत्या झाली, रायगड पडला, राजाराम महाराज दूर जिंजीला गेले. औरंगजेबाच्या बाजूनं जंजिऱ्याचा सिद्दी कोकणपट्टीवर तुटून पडला. असं सांगतात की सुवर्णदुर्गाचा किल्लेदार किल्ला सिद्दीच्या हवाली करायला निघाला होता. तेव्हा विशीच्या आसपास असलेल्या कान्होजींनी शिबंदीतल्या माणसांना सोबत घेतलं, किल्लेदाराला बाजूला केलं आणि किल्ला लढवला. या धामधुमीत ते एकदा शत्रूच्या हाती सापडले, पण निसटून परत किल्ल्यात आले. किल्ला टिकला.

त्या काळी घाटावरून मदत येण्याची आशा नव्हती. पगार वेळेवर नव्हता, दारूगोळा तुटपुंजा होता. तरी कोकणातले किल्ले एकामागून एक राखले गेले, त्यात कान्होजींचा मोठा वाटा होता. आरमारप्रमुख सिधोजी गुजर यांच्या निधनानंतर १६९८ च्या सुमारास आरमाराची सूत्रं कान्होजींकडं आली. सरखेल हा त्यांचा किताब. आजच्या भाषेत नौदलप्रमुख. त्यांनी आपलं मुख्य ठाणं अलिबागसमोरच्या कुलाबा किल्ल्यात केलं आणि तेव्हापासून या मासेमारीच्या गावाचं नशीब पालटलं.

दस्तक म्हणजे समुद्रावरची पावती

इंग्रजांनी कान्होजींना चाचा, म्हणजे समुद्री लुटारू म्हटलं. इंग्रजी पुस्तकांत ते नाव दोनशे वर्षं चालत राहिलं. भांडण नेमकं कशाचं होतं, हे नीट बघितलं तर खरं-खोटं कळतं.

आठवडी बाजारात दुकान लावायचं तर पावती फाडावी लागते. ज्याची जागा, त्याची पावती. कान्होजींचं म्हणणं एवढंच होतं की हा किनारा छत्रपतींचा आहे, इथून माल न्यायचा तर छत्रपतींच्या सरखेलाचं दस्तक, म्हणजे परवाना घ्यावा. ज्याच्याकडं दस्तक, त्याच्या गलबताला संरक्षण. ज्याच्याकडं नाही, त्याचा माल जप्त. पोर्तुगीज हेच काम कान्होजींच्या आधी दोनशे वर्षं करत होते. ते आपल्या लोकांना स्वतःच्याच समुद्रात परवाना घ्यायला लावत आणि नसेल तर जहाज बुडवत. इंग्रजही आपले पास देत. म्हणजे पावती फाडण्याला त्यांची हरकत नव्हती. पावती इथल्या माणसानं फाडावी, याला हरकत होती. त्यात इंग्रज कंपनी आपल्या नावाखाली इतर व्यापाऱ्यांचाही माल फुकट काढू बघायची. वाद तिथं पेटायचा.

कान्होजी साधेसुधे होते असंही नाही. जहाज पकडलं की माल ठेवून घेत, माणसं कैद करत आणि खंडणी घेऊन सोडत. १७१२ च्या नोव्हेंबरमध्ये त्यांच्या आरमारानं मुंबईच्या इंग्रज गव्हर्नरचं गलबत पकडलं. त्या चकमकीत कारवारच्या वखारीचा एक इंग्रज अधिकारी ठार झाला आणि त्याची तरुण बायको कॅथरिन हिला कुलाबा किल्ल्यात आणलं गेलं. तीन महिन्यांनी, फेब्रुवारी १७१३ मध्ये, ३० हजार रुपये घेऊन तिची सुटका झाली. त्या वेळी इंग्रजांशी तहही झाला. कंपनीच्या जहाजांना कान्होजींनी त्रास द्यायचा नाही, असं ठरलं. तो तह तीन-चार वर्षांवर टिकला नाही.

पेशवा कैदेत, पण घर फुटलं नाही

याच काळात मराठी राज्यात भावकीचं भांडण उभं राहिलं होतं. १७०७ मध्ये औरंगजेब मेला, शाहू महाराज मोगलांच्या कैदेतून सुटून आले. इकडं महाराणी ताराबाई राज्य सांभाळत होत्या. गादी कुणाची, यावर दोन तट पडले. कान्होजी ताराबाईंच्या बाजूनं होते. अडचणीच्या वर्षांत ज्यांच्या नावानं लढलो त्यांची बाजू सोडायची नाही, अशी त्यांची भूमिका दिसते.

१७१३ मध्ये शाहू महाराजांनी पेशवे बहिरोपंत पिंगळे यांना फौज देऊन कान्होजींवर धाडलं. झालं उलटंच. कान्होजींनी फौजेचा पराभव केला आणि खुद्द पेशव्यालाच पकडून लोहगडावर कैदेत टाकलं. साताऱ्यात घबराट उडाली. कान्होजी आता घाट चढून येणार, असं सगळ्यांना वाटलं.

तेव्हा शाहू महाराजांनी बाळाजी विश्वनाथ यांना पेशवेपद देऊन पाठवलं. बाळाजी मूळचे श्रीवर्धनचे, म्हणजे त्याच किनाऱ्यावरचे. सिद्दीचा जाच त्यांनीही सोसलेला होता. त्यांनी लढाई न करता बोलणी लावली. दोघांचे शत्रू एकच आहेत आणि आपसात झुंजलो तर फायदा सिद्दीचा आणि फिरंग्यांचा होईल, हा मुद्दा कान्होजींना पटला. १७१४ मध्ये समझोता झाला. कान्होजींनी शाहू महाराजांना छत्रपती मानलं, पिंगळ्यांना सोडलं. शाहू महाराजांनी त्यांची सरखेली कायम केली आणि लहान-मोठे २६ किल्ले त्यांच्याकडं ठेवले. त्यांत खांदेरी, कुलाबा, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग हे महत्त्वाचे जलदुर्ग होते.

कान्होजींच्या आयुष्यातला हा सगळ्यात शहाणपणाचा निर्णय म्हणावा लागेल. हातात जिंकलेली फौज आणि कैदेत पेशवा असताना माणूस सहसा ताणून धरतो. त्यांनी ताणलं नाही. याच निर्णयाचं फळ सात वर्षांनी अलिबागच्या वाळूवर मिळालं.

गुराब आणि गलबत

कान्होजींच्या आरमारात दोन प्रकारची जहाजं मुख्य होती. गुराब हे मोठं, दोन-तीन डोलकाठ्यांचं. त्याच्या नाळेवर, म्हणजे पुढच्या टोकाला, तोफा असायच्या. गलबत हे लहान, हलकं आणि वल्ह्यांनी पळणारं. एका गलबताला चाळीस-पन्नास वल्ही असत. दोन्हींचं बूड उथळ, त्यामुळं ती कमी पाण्यातही चालत आणि खाडीत आत शिरत.

इंग्रजांची जहाजं मोठी, तोफा जास्त, पण बूड खोल. किनाऱ्याजवळ आली की खडकाला लागायची भीती. त्यांच्या बहुतेक तोफा दोन्ही बगलांना असत. म्हणून मराठ्यांचं आरमार समोरासमोर भिडायचं नाही. वारा पडला की मोठं जहाज जागीच डुलत राहतं. अशा वेळी गलबतं वल्ही मारत गुराबांना दोरानं ओढून आणायची, शत्रूच्या पाठीमागं उभी करायची आणि नाळेवरच्या तोफांनी त्याच्या डोलकाठ्या आणि शिडं फोडायची. शीड गेलं की जहाज लंगडं. मग गलबतांतले लोक चारी बाजूंनी वर चढायचे. शत्रूचा जोर जास्त दिसला, तर वल्ही मारून खाडीत पसार. घाटावर जो गनिमी कावा डोंगरात चालला, तोच इथं पाण्यावर चालला.

चार स्वाऱ्या, चारही फसल्या

१७१५ च्या अखेरीस चार्ल्स बून नावाचा नवा गव्हर्नर मुंबईत आला. त्यानं मुंबईभोवती तट पुरा करायला घेतला, लढाऊ जहाजं बांधली आणि कान्होजींचा कायमचा बंदोबस्त करायचं ठरवलं. १७१७ मध्ये इंग्रज विजयदुर्गावर गेले. किल्ल्यावर तोफा डागल्या, शिड्या लावायला गेले, पण हात हलवत परतले. १७१८ च्या नोव्हेंबरमध्ये खांदेरीवर हल्ला केला. खांदेरी मुंबईपासून जवळ, तरी तिथंही माघार घ्यावी लागली. १७२० मध्ये पुन्हा विजयदुर्ग. या वेळी त्यांनी जाड फळ्यांचा, तोफा ठेवलेला एक तरंगता तराफा खास बांधून आणला होता. त्याचाही काही उपयोग झाला नाही.

मग १७२१ मध्ये इंग्रज आणि पोर्तुगीज एक झाले. इंग्लंडहून कमोडोर मॅथ्यूज राजाची लढाऊ जहाजं घेऊन आला. गोव्याहून पोर्तुगीजांचा व्हाइसरॉय स्वतः आला. सहा हजारांच्या घरात फौज चौलजवळ जमली. या वेळी नेम थेट अलिबागवर, कुलाबा किल्ल्यावर होता.

१७२१ चा डिसेंबर. कोळीवाड्याच्या मागं, नारळीच्या बागांत परदेशी फौजेचे तळ पडले. कान्होजींनी अलिबागच्या किनाऱ्यावर हिराकोट नावाचा भुईकोट आधीच बांधून घेतला होता, समोर पाण्यात कुलाबा होता. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे साताऱ्याहून मदत निघाली. १७१४ चा समझोता कामी आला. पिलाजी जाधवराव घोडदळ घेऊन आले, मागून तरुण पेशवे बाजीराव येत होते.

नाताळच्या आदल्या दिवशी, २४ डिसेंबरला, इंग्रजांनी तटाला शिड्या लावल्या. वरून मार बसला. तेवढ्यात मराठी घोडेस्वार पोर्तुगीजांच्या बगलेवर तुटून पडले. पोर्तुगीज फौज उधळली, त्यांचा लोंढा बघून इंग्रजही मागं फिरले. तोफा आणि दारूगोळा टाकून सगळे पळाले. नंतर इंग्रज आणि पोर्तुगीज एकमेकांनाच दोष देत बसले. १७२२ च्या जानेवारीत पोर्तुगीजांनी बाजीरावांशी तह केला. इंग्रज रिकाम्या हातानं मुंबईला परतले.

१७२४ मध्ये डचांनी विजयदुर्गावर जहाजं आणून बघितली. तीही परत गेली. त्यानंतर कान्होजी हयात असेपर्यंत कुणी मोठी स्वारी घेऊन त्यांच्या वाटेला गेलं नाही. जंजिरा मात्र त्यांनाही घेता आला नाही. ती सल शेवटपर्यंत राहिली.

गावाचं नशीब

या तीस वर्षांत अलिबाग पार बदललं. आरमाराचं ठाणं आलं म्हणजे सुतार आले, लोहार आले, शिडं शिवणारे आले, दोर वळणारे आले. जहाजाला सागवान लागतं, ते डोंगरातून यायला लागलं. बाजारपेठ वसली. कोळ्यांना मासळीला गिऱ्हाईक मिळालं आणि त्यांच्या पोरांना आरमारात काम मिळालं. मासे धरणारा कोळी, गलबत हाकणारा खलाशी आणि लढणारा शिपाई हे पुष्कळदा एकाच घरातले, किंवा एकच माणूस असायचा. आठ महिने समुद्रावर, पावसाळ्यात घरी. इतिहासात नावं सरदारांची राहिली. वल्ही मारणाऱ्या हातांची नावं कुठं लिहून ठेवली गेली नाहीत.

वाटणी झाली आणि वाट लागली

कान्होजी गेले तेव्हा त्यांना सहा मुलं होती. थोरले सेखोजी सरखेल झाले. त्यांनी घर एकत्र ठेवलं, पण १७३३ मध्ये तेही गेले. मग संभाजी आणि मानाजी या भावांत जुंपली. सरखेली कुणाची, किल्ले कुणाचे, यावरून हत्यारं निघाली. एका भावानं कधी पोर्तुगीजांना हाक मारली, कधी पेशव्यांना, कधी इंग्रजांना. १७३५ मध्ये बाजीराव पेशव्यांनी मध्ये पडून वाटणी केली. मानाजींना कुलाबा, संभाजींना सुवर्णदुर्ग आणि दक्षिणेचा भाग. ज्या आरमाराला चार परकी सत्ता फोडू शकल्या नाहीत, त्याचे एका वाटणीत दोन तुकडे झाले.

ज्या घरात बांधावरून कोर्टकचेरी झाली आहे, त्या घराला ही गोष्ट समजावून सांगायची गरज नाही. भाऊ-भाऊ भांडतात तेव्हा मध्यस्थ आधी मदतीला येतो आणि नंतर वाटेकरी होतो.

संभाजींनंतर तुळाजी आंग्रे दक्षिणेचे धनी झाले. ते वडिलांसारखेच धाडसी होते, पण वडिलांची पडती बाजू घेण्याची तयारी त्यांच्याकडं नव्हती. पेशव्यांशी त्यांचं पटेना. कान्होजी आणि बाळाजी विश्वनाथ यांनी १७१४ मध्ये जे केलं, ते त्यांच्या पुढच्या पिढ्यांना जमलं नाही. नानासाहेब पेशव्यांनी तुळाजींना नमवण्यासाठी इंग्रजांशी करार केला. १७५५ मध्ये सुवर्णदुर्ग पडला. फेब्रुवारी १७५६ मध्ये वॉटसन आणि क्लाइव्ह हे इंग्रज विजयदुर्गावर चालून आले. बंदरात उभ्या असलेल्या आंग्र्यांच्या आरमाराला आग लागली आणि कान्होजींपासून चालत आलेली जहाजं काही तासांत जळून गेली. तुळाजींचं उरलेलं आयुष्य कैदेत गेलं. तोच क्लाइव्ह पुढच्या वर्षी बंगालमध्ये प्लासीची लढाई जिंकून इंग्रजी राज्याचा पाया घालत होता.

यानंतर चारच वर्षांनी, फेब्रुवारी १७६० मध्ये, पेशव्यांच्या फौजेनं उदगीरला निजामाचा मोठा पराभव केला. अहमदपूर-उदगीरच्या माणसाला त्या विजयाचा अभिमान आहे, आणि तो असावाच. पण जमिनीवर असा विजय मिळवणाऱ्या राज्याकडं त्या दिवशी समुद्रावर कान्होजींच्या काळचं बळ उरलं नव्हतं. दार उघडं होतं. पुढं इंग्रज त्याच दारानं आले.

कुलाब्याची आंग्र्यांची गादी मानाजींच्या वंशात लहानशा संस्थानासारखी आणखी काही काळ टिकली. १८४० च्या सुमारास वारस नाही म्हणून इंग्रजांनी ती खालसा केली. १८६९ मध्ये अलिबाग कुलाबा जिल्ह्याचं ठाणं झालं. १९८१ पासून त्या जिल्ह्याचं नाव रायगड आहे.

आज काय उरलं आहे

कान्होजींची समाधी अलिबाग गावातच आहे. समुद्राकडं धावणारे पर्यटक बहुतेक वेळा तिच्याजवळून निघून जातात. कुलाबा किल्ल्यात १७५९ मध्ये रघूजी आंग्र्यांनी बांधलेलं गणपतीचं देऊळ आहे. चारही बाजूंनी खारं पाणी असताना आत गोड्या पाण्याची विहीर आहे. तटावर चाकांच्या गाड्यावर दोन तोफा दिसतात. त्या आंग्र्यांच्या समजून लोक फोटो काढतात, पण त्या इंग्लंडात ओतलेल्या, संस्थान खालसा झाल्यानंतरच्या आहेत. हिराकोटात आज जिल्ह्याचं कारागृह आहे. खांदेरी बेटाला १९९८ मध्ये कान्होजी आंग्रे यांचं नाव दिलं गेलं. तिथल्या वेताळाच्या दर्शनाला कोळी आजही होडीनं जातात. मुंबईतल्या नौदलाच्या तळाला १९५१ पासून आय.एन.एस. आंग्रे हे नाव आहे. ज्या मुंबईहून त्यांच्यावर स्वाऱ्या निघाल्या, त्याच मुंबईत. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोनं मराठ्यांचे १२ किल्ले जागतिक वारसा म्हणून जाहीर केले. त्यांत खांदेरी, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग आणि पेशव्याला कैदेत ठेवलेला लोहगड हेही आहेत.

अहमदपूर, चाकूर, लोहा, कंधार भागातून कोकण सहलीला जाणाऱ्या गाड्या दरवर्षी निघतात. अलिबागला गेलात तर आधी गावातल्या समाधीवर दोन फुलं वाहा, मग किल्ल्याकडं वळा. ओहोटीला किल्ल्यापर्यंत चालत किंवा घोडागाडीनं जाता येतं. मात्र भरतीची वेळ तिथल्या कोळ्यांना विचारूनच पाण्यात पाय घाला आणि पाणी चढायच्या आत परत या. वेळ मोबाईलवरही दिसते, पण खात्री कोळ्याकडूनच करून घ्यावी. खुद्द सरखेलांचंही सगळं आरमार त्यांच्याच भरवशावर चाललं होतं.